‘आधी शोधून बघा’: वाचकांची लिनक्स-पत्रं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स थांबली आणि पुण्यातले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मग कुणाचा पुतण्या, कुणाची सून, कुणाच्या सोसायटीतला इंजिनिअर मुलगा येऊन लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून देतो. तो परदेशी गेला की पत्र मला येतं. या वेळच्या टपालात अशीच पत्रं जास्त होती, म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकात.

एक सूचना. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी, आणि सगळी लहान अक्षरं. आणि हेही: मिंट, उबंटू, डेबियन, आर्च ही सगळी लिनक्सचीच वेगवेगळी रूपं.

प्रश्न: ताई, मी निवृत्त बँक अधिकारी, राहणार कोथरूड. माझ्या २०१६ सालच्या लॅपटॉपवर पुतण्याने लिनक्स मिंट टाकलं आणि तो जर्मनीला गेला. सगळं उत्तम चाललं होतं. परवा अपडेट केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, तर वाय-फाय नाहीच. फोनवरून इंटरनेटवर विचारलं. एकाने ‘आधी शोधून बघा’ म्हटलं. दुसऱ्याने ‘एलएसपीसीआयचं आउटपुट द्या’ म्हटलं. ते काय असतं असं विचारलं, तर त्यावर उत्तर नाही. तिसरा म्हणाला, मिंट टाकाऊ आहे, आर्च घ्या. मग मी खरोखर शोधलं आणि सापडलेल्या कमांड एकापाठोपाठ एक चालवल्या. आता आवाजही येत नाही. मीही नोकरीभर लोकांना ‘फॉर्म भरून आणा’ म्हटलं, पण फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळेल ते सांगत होतो.

उत्तर: काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात उत्तराला लागणारी गोष्ट आहे: अपडेटच्या आधी चालत होतं, नंतर नाही. इंटरनेटवर विचारताना हे वाक्य तुम्ही लिहिलं होतंत का? बहुतेक लोक लिहीत नाहीत. ‘वाय-फाय चालत नाही, कृपया मदत करा’ एवढंच लिहितात. नाना पेठेतल्या मेकॅनिकला फोन करून ‘गाडी नीट चालत नाही’ म्हटलं, तर तोही ‘घेऊन या’ म्हणेल. इथे घेऊन जाता येत नाही, हीच अडचण आहे.

आता तुमचं मशीन. अपडेटमध्ये नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आला असणार. वाय-फाय चिपच्या काही कंपन्या आपला ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्ये देत नाहीत. तो बाहेरून आणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी तुमच्याच मशीनवर नव्याने बांधावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा मुकाट्याने करते. पण नव्या कर्नलच्या ‘हेडर्स’ नावाच्या फाइली आल्या नसतील, किंवा जुना ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळत नसेल, तर बांधणी फसते. वाय-फाय गेल्याचं तुम्हाला कळतं ते थेट पुढच्या वेळी मशीन सुरू केल्यावर.

बरी गोष्ट ही, की जुना कर्नल लगेच पुसला जात नाही. लॅपटॉप सुरू होत असतानाच एस्केप एकदा दाबा. मेनू येईल. मिंट एकटंच असलं की तो एरवी लपलेला असतो. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं आणि ‘ग्रब’ लिहिलेली काळी ओळ आली, तर घाबरू नका, बंद करून पुन्हा करा. मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जा आणि वरच्या आकड्याच्या आधीचा आकडा निवडा. वाय-फाय आलं, तर रोग सापडला. लॅपटॉप ठीक आहे, पुतण्याही ठीक आहे.

आवाजाचं काय झालं असेल, याचा माझा अंदाज सांगते. तुम्हाला सापडलेल्या कमांडला दोन भाग असणार: अमुक काढून टाका, आणि तेच पुन्हा आणा. काढायला इंटरनेट लागत नाही, आणायला लागतं. तुमच्याकडे इंटरनेट नव्हतं, म्हणून पहिला भाग चालला आणि दुसरा आपटला. उबंटू आणि मिंटमध्ये वाय-फायचे आणि आवाजाचे बरेच ड्रायव्हर कर्नलच्या ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ नावाच्या एकाच पॅकेजात असतात. ते गेलं की दोन्ही जातं. ज्याने तो सल्ला लिहिला, त्याच्यासमोर नेटवर्कची केबल लावलेली असावी. वाय-फाय गेलेल्या माणसाला डाउनलोड करायला सांगणारे सल्ले वाचले की माझं डोकं फिरतं.

अंदाजावर थांबायची गरज नाही. फाइल मॅनेजरमध्ये व्हार, त्यात लॉग, त्यात एपीटी हा फोल्डर उघडा. तिथे ‘हिस्टरी’ नावाची फाइल आहे. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या कमांडने काय बसवलं आणि काय काढलं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. बँकेच्या पासबुकाची सवय असलेल्या माणसाला ती वाचायला अजिबात त्रास होणार नाही. ‘रिमूव्ह’ किंवा ‘पर्ज’ शब्दापुढची नावं लिहून घ्या.

मग फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. इंटरनेट मिळालं की सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ती पॅकेजेस परत बसवा आणि मेनूतला ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. वाय-फायचा ड्रायव्हर तिथे दिसेल, तो निवडा. मध्येच पासवर्ड ठरवायला सांगितलं आणि रीस्टार्टला निळी स्क्रीन आली, तर तो व्हायरस नव्हे. तुमचं सिक्युअर बूट चालू आहे आणि बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर तुमची सही मागतंय. ‘एनरोल’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या. घाईने ‘कंटिन्यू’ दाबलंत तर ड्रायव्हर बसूनही चालणार नाही, आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल.

आता ‘आधी शोधून बघा’ बद्दल. हे वाक्य लिहिणाऱ्याला वाटतं, शोधलं की उत्तर सापडतं. शोधलं की सापडतं ते कुणीतरी पूर्वी विचारलेलं, आणि त्याखाली पुष्कळदा हेच वाक्य असतं. त्यातून एखादं उत्तर मिळालंच, तर ते कधीचं आहे हे कुणी बघत नाही. लिनक्सची उत्तरं शिळी होतात. २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ ने सिस्टमडी ही सेवा सांभाळणारी यंत्रणा घेतली, आणि सेवा सुरू-बंद करण्याच्या त्याआधीच्या कितीतरी सूचना बाद झाल्या. उबंटू २२.१० पासून आवाजाचं काम पल्सऑडिओकडून पाइपवायरकडे गेलं, तरी शोधलं की पल्सऑडिओची उत्तरं वर येतात, कारण ती जुनी आहेत आणि जास्त लोकांनी वाचलेली आहेत. तुमचं मिंट २२ असेल, तर ते उबंटू २४.०४ वर उभं आहे. त्याआधीच्या तारखेच्या पानावरून रोगाची माहिती घ्या, कमांड घेऊ नका.

आणि त्या दुसऱ्या माणसाचं मागणं बरोबर होतं. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड मशीनमधली चिप कुठली आणि तिला कुठला ड्रायव्हर लागलाय, हे सांगते. ते कसं चालवायचं हे सांगायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं, ते त्याने दिलं नाही. तुम्ही टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडून ती चालवा, ‘नेटवर्क’ शब्द असलेल्या ओळी आणि त्यांच्याखालच्या दोन-तीन ओळी कॉपी करा. फोटो काढू नका. ‘युनेम -आर’ ने कर्नलचा आकडा मिळेल, तोही द्या. एवढं असलं की तिसरा माणूस, तो आर्चवाला, आपोआप गप्प बसतो.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरला होस्टेलवर राहते. लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही आहे. माझी सगळी असाइनमेंट्स डी ड्राइव्हवर आहेत, आणि उबंटूमधून तिथे काही सेव्हच होत नाही. मी विचारलं की पूर्ण डिस्कला ७७७ परवानगी कशी द्यायची, तर सगळे हसले आणि प्रश्न बंद केला. काहीच कळलं नाही.

उत्तर: अगं, ते हसले कारण ७७७ म्हणजे कुणीही काहीही करावं, आणि पूर्ण सिस्टीमवर ते चालवलं की सुडो, म्हणजे मालकाच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय, तीसुद्धा काम करायची थांबते. पण त्यांनी बंद केला तो तू मनाशी ठरवलेल्या उपायाचा प्रश्न. अडचण तू विचारलीच नव्हतीस, आणि ती काय आहे हे त्यांच्यापैकी कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

तुझी डी ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची आहे. तिथे लिनक्सच्या परवानग्या अशा बदलत नाहीत, म्हणून परवानगी बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडचा उपयोग नाही. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं. शट डाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि ड्राइव्ह आपल्या ताब्यात असल्याची खूण ठेवून जातं. उबंटू ती खूण बघतं आणि ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडतं. ते तुझ्या फाइली वाचवतंय.

विंडोजमध्ये जा, कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद कर आणि मग शट डाउन कर. आज रात्रीच सबमिशन असेल, तर विंडोजमधून रीस्टार्ट करून सरळ उबंटूत ये. रीस्टार्टला विंडोज पूर्ण बंद होतं. ती खूण जबरदस्तीने पुसायची कमांडही तुला सापडेल. विंडोजमध्ये उघड्या राहिलेल्या कामावर पाणी सोडायची तयारी असेल तरच ती वापर.

पुढच्या वेळी विचारताना ‘असं कसं करू’ च्या आधी ‘मला काय दिसतंय’ लिही. एरर इंग्रजीत जशी आली तशी, शब्द न बदलता.

प्रश्न: आमचा अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचा व्यवसाय आहे, वडिलांपासूनचा. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, गाइडं. दोन मशीनवर लिनक्स टाकलं. जुनी मराठी फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. इंटरनेटवर विचारलं तर ‘फॉन्ट इन्स्टॉल करा’ एवढंच. फॉन्ट केलेत हो इन्स्टॉल! देवनागरी फॉन्ट आहेत, मराठी वर्तमानपत्रांच्या साइट नीट दिसतात. फक्त आमच्याच फाइली दिसत नाहीत.

उत्तर: दादा, तुमच्या प्रश्नाला परदेशातला माणूस उत्तर देऊ शकत नाही, कारण तुमची अडचण काय असते हेच त्याला माहीत नाही. अप्पा बळवंत चौकात मात्र ती प्रत्येक डीटीपीवाल्याला माहीत आहे.

तुमच्या जुन्या फाइलीत मराठी नाहीच. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. तिच्यातला देवनागरीचा भाग भारताच्या इस्की या संकेतप्रणालीवर बेतलेला होता. पण डीटीपीच्या दुकानांत युनिकोड रुजायला फार वर्षं गेली. तोवर आपल्याकडचे फॉन्ट इंग्रजीच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवून चालायचे. ‘क’ चा अर्धा भाग एका इंग्रजी अक्षराच्या जागी, काना दुसऱ्याच्या, रफार कुठल्यातरी चिन्हाच्या. फाइलीत साठतात ती इंग्रजी अक्षरंच. मराठी फक्त डोळ्यांना दिसतं, आणि तेही नेमका तोच फॉन्ट असला तरच. तुम्ही बसवलेले देवनागरी फॉन्ट युनिकोडचे आहेत, म्हणून साइट दिसतात. फाइल मागतेय तुमच्या जुन्या मशीनवरचा फॉन्ट.

तो परवान्यासह तुमच्याकडे असेल, तर जुन्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरमधून त्याच्या टीटीएफ फाइली घ्या, आपल्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट लोकल’, ‘शेअर’, ‘फॉन्ट्स’ असे एकात एक फोल्डर करून तिथे ठेवा आणि ‘एफसी-कॅश’ ही कमांड चालवा. लिबरऑफिस बंद करून उघडा. फाइल पूर्वीसारखी दिसेल. टाइप करणं ही वेगळी भानगड आहे. त्या फॉन्टचा कीबोर्ड विंडोजच्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा, तो लिनक्सवर मिळणार नाही. म्हणून जुनं फक्त बघा आणि छापा. नवं युनिकोडमध्येच करा.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. नमुन्यादाखल एकच पान बदला आणि तुमच्याकडच्या सगळ्यात खडूस मुद्रितशोधकाकडे द्या. त्यांना ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य-ऱ्ह, ‘श्र’, ‘ज्ञ’, रफार आणि वेलांटीची जागा, एवढंच तपासायला सांगा. माझ्या अनुभवात बिघडतं ते तिथेच, आणि लग्नपत्रिकेत आडनाव बिघडलं तर तुम्हाला माहीतच आहे.

आणि यापुढे असं काही अडलं तर पुण्यातच विचारा. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था इथे १९८८ पासून आहे, लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे, रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीचं ऑफिस आहे. या शहरात युनिकोड मराठीचा विषय निघाला की समोरच्याला ‘काला’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीतूनच विचारायची वेळ आली, तर जुन्या फाइलीतला मूळ मजकूर, तो जसा दिसायला हवा त्याचं चित्र आणि जुन्या फॉन्टचं नाव, तिन्ही द्या.

प्रश्न: नमस्कार. मी बाणेरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांच्या लिनक्सच्या प्रश्नांना रात्री जेवणानंतर उत्तरं देतो, फुकट. आता वैताग आलाय. ‘तातडीचे!!!’ असं शीर्षक, स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटचा उजेड, आणि एररच्या ओळी वर सरकून गेलेल्या. व्हर्जन विचारलं तर ‘लेटेस्ट’. शेवटी ‘आधी वाचा, मग विचारा’ लिहिलं, तर मी उद्धट. आमची बाजूही छापा.

उत्तर: छापली. आता माझं ऐका. तुम्हाला कुणी आवतण दिलेलं नाही. वैताग आला तर त्या रात्री उत्तर देऊ नका. तेवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. ‘आधी वाचा’ ने मात्र बिघडतं. पुढे तोच प्रश्न शोधणाऱ्याला ते पान सापडतं, आणि तुमचं ते वाक्य त्याच्यासाठीही उत्तर म्हणून उभं राहतं.

‘लेटेस्ट’ वर मीही कपाळ बडवते. पण व्हर्जन कुठे बघायचं हे नवख्याला माहीत नसतं, आणि ते त्याचं पाप नव्हे. ‘सेटिंगमध्ये अबाउट उघडा, पहिल्या दोन ओळी लिहा’ असं सांगितलं की बहुतेक जण लिहितात. एका वेळी एकच गोष्ट मागा. पाच कमांडची आउटपुट एकदम मागितली की माणूस पळतो, आणि मग मिंट टाकाऊ आहे सांगणाऱ्याच्या हाती सापडतो. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालेलं असेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ मागा, म्हणजे आधीच्या खेपेचा लॉग मिळेल. ‘काय झालं होतं’ हे त्याला आठवून लिहावं लागणार नाही.

लिनक्सच्या जनकाचं, लिनस टॉर्व्हाल्ड्सचं, २५ ऑगस्ट १९९१ चं पत्र तुम्ही वाचलं असेलच. वय एकवीस, आणि जगाला कळवतोय की मी छंद म्हणून एक सिस्टीम लिहितोय. पण त्या चार ओळींत मशीन कुठलं, हार्डडिस्क कुठल्या प्रकारची चालेल, बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० हे प्रोग्रॅम चालवून झालंय, हे सगळं आहे. वर मिनिक्स या तेव्हाच्या सिस्टीममध्ये लोकांना काय आवडतं, काय नाही, हेही विचारलंय. नवख्यांना नियमांची यादी देण्यापेक्षा मी हे पत्र दाखवते.

एक काम मात्र तुमच्याकडून हवंय. तुमच्या जुन्या उत्तरांवर परत जा. ज्यांच्याखाली ‘झालं, धन्यवाद’ एवढंच लिहिलेलं आहे, तिथे कशाने झालं ते विचारा. आणि प्रत्येक उत्तराच्या वर लिहा: अमुक साली, अमुक आवृत्तीवर चाललं. कोथरूडच्या एका काकांचा आवाज गेलाय, त्यांना अशी एक ओळ वेळेवर दिसली असती तर वाय-फायवरच निभावलं असतं.

प्रश्न: सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेला कुणीतरी जुने नेटबुक देणगी दिलेत, २ जीबी रॅम, ३२-बिट विंडोज आहे. उबंटूच्या साइटवर ३२-बिट सापडत नाही. कुठलं घालावं? विचारलं तर लोक म्हणतात, फेकून द्या.

उत्तर: फेकू नका. विंडोज ३२-बिट आहे म्हणून प्रोसेसरही ३२-बिट असेलच असं नाही. उबंटू पेनड्राइव्हवरून सुरू करून बघा. प्रोसेसर खरोखर ३२-बिट असेल तर ते सुरुवातीलाच तसं सांगून थांबेल. ६४-बिट निघाला तर हलका डेस्कटॉप असलेलं काहीही घाला. ३२-बिटच असेल, तर उबंटू डेस्कटॉपची ३२-बिट प्रत १७.१० पासून बंद आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२-बिट इन्स्टॉलर सोडला. डेबियन १२ मध्ये तो आहे, आणि त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतील. एलएक्सडीई किंवा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडा. ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीनच टॅब उघडायचे, हे मुलांना बजावा. वाय-फायचं फर्मवेअर वेगळं शोधायला सांगणारी जुनी पानं सोडून द्या. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच असतं. बॅटऱ्या किती वेळ टिकतात ते मात्र कळवा, आमच्या वाचनालयालाही चार नेटबुक मिळताहेत.